मुक्तस्रोत दुकानाचे भवितव्य

गेल्या दिवाळीत, वसुबारसेला दोन दिवस राहिले असताना, आमच्या परिचयातील एका काकूंचे दुकान बंद पडले. दुकान म्हणजे दांडिया बाजारातील गाळा नव्हे. गाळा त्यांनी कधी घेतलाच नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि फराळाचे जिन्नस त्या घरीच करतात, आणि बडोदे सोडून पुणे, बंगळूर, दुबई अशा ठिकाणी गेलेली मराठी कुटुंबे ते मागवितात. पूर्वी हे काम पोस्टकार्डावर चाले, मग टेलिफोनवर, आणि अलीकडे संगणकावरील एका भाड्याच्या दुकानातून चालत असे. दरमहा भाडे भरावे, मालाची छायाचित्रे मांडावीत, आलेल्या मागण्या वाचून पार्सले रवाना करावीत, एवढाच व्याप. त्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे दुकान उघडावयास गेल्या, तो 'कागदपत्रांत विसंगती आढळल्याने खाते स्थगित केले आहे' अशा अर्थाची सूचना तेवढी दिसली. कोणत्या कागदात कसली विसंगती, हे सांगावयास पलीकडे कोणी माणूस नव्हता. आठ दिवसांनी ते खाते, जसे बंद झाले तसेच, कारण न सांगता उघडले. तोवर भाऊबीज होऊन गेली होती. चकल्यांचे डबे घरात पडून राहिले, याचे काकूंना दुःख झालेच. पण त्याहून अधिक लागले ते हे की, साऱ्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्या खात्यातच अडकलेले असल्यामुळे, 'यंदा माल पोहोचणार नाही' एवढे कळविण्याचेही साधन त्यांच्यापाशी उरले नव्हते.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी. पोटासाठी करतो ते काम असलीच दुकाने बांधण्याचे. तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतले आणि चहाचा कप पुढे ठेवून सरळ विचारले, "अरे, तू लोकांना दुकाने बांधून देतोस ना? मग मला माझ्या मालकीचे एक का बांधून देत नाहीस? कोणी उठून कुलूप घालू शकणार नाही असे." मी म्हणालो, "काकू, बांधता येईल. पण घर स्वतःचे झाले म्हणजे गळणारे छप्परही स्वतःचेच होते." त्या म्हणाल्या, "छपराचे मी पाहीन. तू बांध तर खरे." त्या संभाषणातून जो विचार मनात घोळू लागला, तोच शाळेच्या वार्षिकासाठी लिहीत आहे. वर्गात बसलेल्या अनेकांना उद्या याच धंद्यात उतरावयाचे आहे, आणि अनेकांच्या घरी एखादे लहानमोठे दुकान आहेच, म्हणून हा विषय अगदीच परका वाटू नये.

संगणकावर दुकान मांडण्याच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. एक भाड्याची. कॅनडातील ओटावा शहरात जन्मलेली शॉपिफाय ही कंपनी तिचे ठळक उदाहरण होय. टोबायस ल्यूटके नावाच्या गृहस्थाने २००४ साली बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकण्यासाठी संगणकावर दुकान काढले; त्यासाठी लिहिलेली आज्ञावली फळ्यांपेक्षा अधिक खपेल हे त्याच्या ध्यानी आले, आणि २००६ पासून ती इतरांस भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. दुसरी तऱ्हा मुक्तस्रोत, म्हणजे ज्यास आपण बोलताना 'ओपन सोर्स' म्हणतो, त्या आज्ञावलीची. येथे आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो. तो कोणीही उतरवून घ्यावा, आपल्या सर्व्हरवर चालवावा, त्यात बदल करावा, आणि परवान्याच्या अटी पाळून तो बदल इतरांस द्यावा. पहिल्या तऱ्हेत तुम्ही भाडेकरू असता, दुसरीत घरमालक. मौज अशी की, शॉपिफाय ज्या 'रुबी ऑन रेल्स' नामक पायावर उभी राहिली तो पाया स्वतः मुक्तस्रोतच आहे. भाड्याच्या वाड्याच्या विटाही सार्वजनिक भट्टीतल्याच म्हणावयाच्या.

मुक्तस्रोत दुकानांचा इतिहास फार जुना नाही. २००० सालच्या मार्च महिन्यात जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लेओन यांनी जे काम आरंभिले ते पुढे 'ओएसकॉमर्स' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यावर हजारो लहान दुकाने उभी राहिली. पण पुढची मोठी आवृत्ती काही केल्या पुरी होईना; मतभेद झाले; २००३ साली त्यातूनच 'झेन कार्ट' ही शाखा फुटली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे रॉय रुबिन व योआव कुटनर या दोघांची व्हॅरियन नावाची लहानशी संस्था याच ओएसकॉमर्सवर गिऱ्हाइकांची दुकाने बांधून देत असे. जुन्या वाड्यास ठिगळे लावून ते कंटाळले. प्रथम त्याची निराळी शाखा काढण्याचा त्यांचा विचार होता. तो सोडून त्यांनी सारे नव्याने लिहावयास घेतले. २००७ सालच्या ऑगस्टअखेर त्याची प्रायोगिक आवृत्ती लोकांसमोर आली आणि ३१ मार्च २००८ रोजी पहिली पक्की आवृत्ती. तिचे नाव मॅजेंटो. आज मुक्तस्रोत दुकानाच्या भवितव्याविषयी बोलावयाचे तर मॅजेंटोचीच कथा सांगावी लागते, कारण या प्रकारच्या आज्ञावलीच्या वाट्यास जे जे येऊ शकते ते बहुतेक सर्व तिच्या वाट्यास येऊन गेले आहे.

मॅजेंटोत नवल वाटावे असे काय होते, ते आजच्या मुलांस सहज उमगणार नाही. एकाच गादीवर बसून चार निरनिराळी दुकाने चालवावीत, प्रत्येकाची भाषा निराळी, चलन निराळे, कर निराळा. ठोक गिऱ्हाइकास एक भाव व किरकोळ गिऱ्हाइकास दुसरा. आणि एकाच कापडाचे दहा रंग व सहा मापे असतील तर त्या साठांचा साठा स्वतंत्रपणे मोजला जावा, अशी सोय त्यापूर्वी फुकटच्या आज्ञावलीत मिळत नसे. ज्याने मंगळबाजारात कापडाच्या दुकानातील गुमास्त्याचे हाल पाहिले आहेत, त्यास या साठांच्या हिशेबाचे महत्त्व सांगावयास नको. त्यामुळे मध्यम व मोठे व्यापारी तिच्याकडे वळले. आपल्या देशातील पुष्कळ तरुणांस, विशेषतः आपल्या शेजारच्या अहमदाबादेत, तिने पोटास लावले. मी त्यांच्यातलाच एक.

मग मालक बदलू लागले. २०११ साली ईबे या बड्या बाजारपेठेने मॅजेंटो पूर्णपणे विकत घेतली. २०१५ च्या नोव्हेंबरात ती ईबेच्या हातून सुटून पर्मिरा या गुंतवणूकदार कंपनीकडे गेली. २०१८ साली अडोबीने १६८ कोटी डॉलर मोजून ती घेतली. २०२१ च्या एप्रिलपासून विकावयाच्या आवृत्तीचे नाव 'अडोबी कॉमर्स' झाले, आणि फुकट आवृत्ती तेवढी 'मॅजेंटो ओपन सोर्स' या जुन्या नावाने राहिली. दहा वर्षांत तीन धनी! एखाद्या मुलीस दहा वर्षांत तीन शाळा बदलाव्या लागल्या तर तिच्या अभ्यासाचे जे होते, तसेच काहीसे येथे झाले. प्रत्येक नव्या धन्याने वचने दिली, काही पाळली, काही विसरला. न्यायाने पाहता अडोबीने फुकट आवृत्ती गुंडाळली नाही. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या ती दोन्ही आवृत्त्यांस देत आली, आणि पूर्वी फक्त पैसेवाल्यांस मिळणारे पाने सजविण्याचे साधन तिने २०२१ साली फुकट आवृत्तीतही घातले. परंतु तिचे लक्ष कोठे लागले आहे ते लपून राहिलेले नाही. २०२५ साली तिने आपले दुकान भाड्याने देण्याची सोय, म्हणजे सर्व देखभाल कंपनीकडे असलेली आवृत्ती, बाजारात आणली. घरे बांधून विकणारा कंत्राटदार खोल्या भाड्याने देऊ लागला की, जुन्या घरमालकांच्या तक्रारी ऐकावयास त्याला किती वेळ राहील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या साऱ्यात सामान्य दुकानदारास जी खरी झळ लागली ती विक्रीखतांची नव्हे, तर आवृत्तीबदलाची. २०१५ च्या नोव्हेंबरात मॅजेंटोची दुसरी पिढी आली. ती पहिलीची सुधारलेली आवृत्ती नव्हती; जवळजवळ नवीच वस्तू होती. पहिल्या पिढीसाठी विकत घेतलेली जोडसाधने, करून घेतलेली सजावट, यांतील काहीच तिच्यात जसेच्या तसे चालेना. दुकान नव्याने बांधणे हाच उपाय. आणि ३० जून २०२० या दिवशी पहिल्या पिढीची देखभाल कंपनीने अधिकृतपणे थांबविली. ते वर्ष कसले होते हे सांगावयास नको. रस्त्यावरची दुकाने टाळेबंदीत बंद, संगणकावरचे तेवढे उघडे, आणि त्याच वेळी सांगावा आला की यापुढे भोकास ठिगळ मिळणार नाही. पुष्कळांनी चालढकल केली. सप्टेंबर २०२० मधील एका शनिवार-रविवारी पहिल्या पिढीच्या सुमारे २,००० दुकानांत चोर शिरले. त्यांनी गल्ल्याला हात लावला नाही. गिऱ्हाईक जेथे आपल्या कार्डाचा क्रमांक लिहिते त्या पानात त्यांनी चार ओळी घालून ठेवल्या, आणि लिहिलेला प्रत्येक क्रमांक त्यांच्याकडे जाऊ लागला. दुकानदारास पत्ताही नाही, गिऱ्हाइकास पत्ताही नाही. माल वेळेवर पोहोचतो आहे, पावती मिळते आहे. या तऱ्हेच्या चोरीस धंद्यात 'मेजकार्ट' असे नावच पडून गेले, ही मॅजेंटोची दुष्कीर्ती खरीच. पुढे २०२४ आणि २०२५ सालीही दुसऱ्या पिढीत मोठी छिद्रे सापडली. कंपनीने दुरुस्ती दिली, पण ती वेळेवर न बसविणारे पुष्कळ निघाले.

येथे मला एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आज्ञावली खुली आहे म्हणून चोर शिरतात, असे पुष्कळजण म्हणतात. कुलपाचे चित्र चव्हाट्यावर लावले तर चोर ते पाहणारच, हा त्यांचा युक्तिवाद. पण तेच चित्र शंभर कारागीरही पाहतात, आणि दोष दाखवून देतात. चोरी होते ती बहुधा दोष सापडून दुरुस्ती निघाल्यावर, ती ज्यांनी बसविली नाही त्यांच्याकडे. कुलूप वाईट नव्हते असे मी म्हणत नाही. बदललेले कुलूप पाकिटातच पडून होते, असे म्हणतो. माझ्या स्वतःच्या हातूनही एकदा अशी दिरंगाई झाली आहे. दुरुस्ती सोमवारी निघाली, मी शुक्रवारी बसवू म्हणालो. सुदैवाने काही झाले नाही. पण त्या चार रात्री झोप लागली नाही.

आता भवितव्याकडे वळू. मॅजेंटोचा मालक उद्या ती फुकट देणे थांबवू शकेल काय? पुढची आवृत्ती न देणे त्याच्या हाती आहे. पण जी आवृत्ती परवान्यासह एकदा लोकांच्या हाती दिली, ती परवान्याच्या अटी पाळणाऱ्यांकडून त्यास काढून घेता येत नाही. नाव मात्र त्याचे. म्हणजे गाणे सर्वांचे, पण पाटी त्याची, अशी ही स्थिती आहे. असे प्रसंग पूर्वीही आले आहेत. मायएस्क्यूएल हा माहिती साठविण्याचा प्रसिद्ध मुक्तस्रोत संच सन कंपनीने २००८ साली घेतला, आणि २०१० साली सनच ओरॅकलच्या पोटात गेली. मूळ कर्ता मिखाएल विडेनियस याने संकट ओळखून २००९ सालीच त्याची निराळी शाखा काढली. पहिल्या संचास त्याने आपल्या 'माय' या मुलीचे नाव दिले होते, शाखेस धाकट्या 'मारिया'चे दिले. आज मारियाडीबी जगभर चालते, आणि मॅजेंटोची दुकानेही तिच्यावर चालतात. तिकडे मायएस्क्यूएलही मेली नाही. दोन्ही बहिणी सुखात आहेत.

मॅजेंटोच्या बाबतीतही असेच घडू लागले आहे. देखभाल थांबलेल्या पहिल्या पिढीस काही स्वयंसेवकांनी 'ओपनमेज' या नावाने जिवंत ठेवले. ते तिला नवनव्या पीएचपीशी जुळवून घेतात, छिद्रे बुजवितात. दुसऱ्या पिढीविषयी २०२१ च्या सप्टेंबरात कारागिरांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. फुकट आवृत्तीचे भवितव्य एका कंपनीच्या मर्जीवर सोडू नये, असा त्याचा आशय होता. त्यातून 'मेज-ओएस' ही संघटना उभी राहिली, आणि ती आता मॅजेंटोची स्वतःची प्रत तयार करून देते. दुकानाचा दर्शनी भाग जड व संथ आहे ही जुनी तक्रार होती. तीवरही उत्तर कंपनीकडून आले नाही. २०२१ साली नेदरलँड्समधील एका कारागिराने नवा, हलका दर्शनी भाग तयार केला आणि त्यास फिन्निश भाषेतील 'चांगले' या अर्थाचा शब्द नाव म्हणून दिला. तो लोकांनी उचलला. मालक झोपला तरी घरात माणसे जागी आहेत, याचा मला हा पुरावा वाटतो.

म्हणून माझे मत असे आहे की, मॅजेंटो मरणार नाही; पण ती सर्वांची राहणार नाही. २०२० च्या जुलैमध्ये निघालेल्या २.४ या आवृत्तीपासून माल शोधण्यासाठी इलास्टिकसर्च नावाचे एक स्वतंत्र यंत्रणेसारखे साधन तिला आवश्यक झाले. लहान दुकानदार जी स्वस्त, सामायिक जागा घेतो तीत ते बसत नाही. स्वतंत्र सर्व्हर घ्यावा लागतो, तो राखण्यास जाणता माणूस ठेवावा लागतो. ज्याचा माल हजारो जिनसांचा आहे, ज्याचे ठोक व किरकोळ असे दोन व्यवहार आहेत, ज्यास आपल्या हिशेबाच्या आज्ञावलीशी दुकान जोडावयाचे आहे, त्यास हा खर्च परवडेल आणि लाभेल. यंत्रांचे सुटे भाग विकणारा, औषधांचा ठोक व्यापारी, कापडाचा मोठा पेढीवाला, ही तिची पुढची गिऱ्हाइके. त्यांची संख्या घटत जाईल असेही मला वाटते, पण उरतील ती पक्की उरतील. मेतकूट विकणाऱ्या काकूंना तिचे काय होय? बैलगाडीचे ओझे न्यावयास आगगाडी बोलावू नये.

मग लहानांनी काय करावे? त्यांच्यासाठी निराळी मुक्तस्रोत दुकाने आहेत. वर्डप्रेसवर चालणारे 'वूकॉमर्स' २०११ साली निघाले. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनची वूथीम्स ही संस्था तिचे माहेर, आणि 'जिगोशॉप' या दुसऱ्या मुक्त आज्ञावलीपासून ते घेतलेले. २०१५ साली ऑटोमॅटिक कंपनीने ते घेतले. पॅरिसचे 'प्रेस्टाशॉप' २००७ पासूनचे. आपल्याकडे नॉयडातील वेबकुल या संस्थेने लॅराव्हेलच्या पायावर 'बागिस्टो' काढले आहे. यांत निवडावयाचे झाले तर मी लहान दुकानदारास वूकॉमर्स सांगतो. जाणते कारागीर गल्लोगल्ली मिळतात हे त्याचे मुख्य कारण. पण तेथेही सारे आलबेल आहे असे समजू नये. २०२४ सालच्या सप्टेंबरात वर्डप्रेसचे एक जनक मॅट मुलेनवेग आणि वर्डप्रेसची दुकाने सांभाळणारी डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात जाहीर भांडण जुंपले, पुढे ते न्यायालयात गेले, आणि दोन मोठ्यांच्या झगड्यात लाखो लहानांची दुरुस्ती अडू शकते हे जगाने पाहिले. आज्ञावली मुक्त असली तरी ती जेथून वाटली जाते ते दार कोणाच्या तरी हातात असते. हा धडा मुक्तस्रोताच्या भक्तांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, विसरू नये.

भाड्याच्या दुकानाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्यांच्याकडे रात्री दोन वाजता छिद्र बुजविले जाते आणि दुकानदार झोपलेला असतो. दिवाळीच्या गर्दीत दुकान कोसळत नाही. काकूंचे दुकान चार वर्षे बिनतक्रार चालले, ते आठ दिवस बंद पडले म्हणून चार वर्षे खोटी ठरत नाहीत. ज्याच्यापाशी वेळ नाही, जाणता माणूस नाही, त्याने भाडे द्यावे हेच शहाणपणाचे. फक्त दोन गोष्टी त्याने कधीही भाड्याने घेऊ नयेत. दुकानाचा पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर असावा. आणि गिऱ्हाइकांची यादी दर महिन्यास उतरवून आपल्या घरी ठेवावी. आमचे आजोबा खतावणी रात्री दुकानात ठेवीत नसत, घरी आणीत. आज ती दुसऱ्याच्या दुकानात ठेवून आपण किल्लीही त्यालाच देतो.

खरा प्रश्न देखभालीचा आहे, आणि तो पैशाचा प्रश्न आहे. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांस बोलावून १९१० साली ग्रंथालयांचे काम सुरू केले, ते सर्वांस ठाऊक आहे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आपण पुस्तक वाचतो तेव्हा त्याची किंमत देत नाही. पण त्याची बांधणी, कपाटे, ग्रंथपालाचा पगार कोणी तरी देतच असतो. तेथे राज्य होते. मुक्तस्रोत दुकानाचे राज्य कोण? आजवर मोठ्या कंपन्या आपल्या स्वार्थासाठी ते काम करीत आल्या, उरलेले हौशी लोकांनी रात्री जागून केले. ज्या दुकानदारांनी फुकट मिळालेल्या आज्ञावलीवर कोट्यवधींचा व्यापार केला, त्यांतील फार थोड्यांनी परत काही दिले. आणि आम्ही कारागीर? आम्हीही घेतच आलो. इतक्या वर्षांत मी स्वतः मूळ आज्ञावलीस परत दिलेल्या दुरुस्त्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील, हे लिहिताना संकोच वाटतो. ओपनमेज व मेज-ओएस टिकतील की नाही हे अडोबीवर अवलंबून नाही. ते आमच्यासारख्यांवर अवलंबून आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण मला विचारतात की, मॅजेंटो शिकावे काय, तीत नोकरी मिळेल काय. आज मिळेल. पण केवळ तिच्याच भरवशावर आयुष्याची मांडणी करू नये. पहिली पिढी शिकलेले माझे सोबती दुसरी पिढी आली तेव्हा एका वर्षात नवशिके ठरले. काहींनी धंदाच सोडला. शिकावयाचे असेल तर तिच्या खालचे शिका. पीएचपी ही भाषा १९९५ पासून चालत आली आहे आणि अजून थकलेली दिसत नाही. माहितीचे तक्ते कसे रचावेत, पैशाचा व्यवहार अर्ध्यात तुटला तर दुहेरी नोंद कशी टाळावी, कर कोठे आकारावा व कोठे नाही, हे ज्यास येते तो कोणत्याही दुकानात उपयोगी पडतो. वाणिज्य शाखेच्या मुलास हे काम जमणार नाही असे समजणे चूक आहे. रोजकीर्द आणि खतावणी यांचे ज्ञान नसलेल्या संगणकपदवीधरांनी केलेले घोटाळे मी पुष्कळ निस्तरले आहेत. अलीकडे यंत्रच आज्ञावली लिहून देते म्हणतात, आणि ते खरेही आहे. मीही त्याचे साहाय्य घेतो. पण ते लिहून देते त्यातले चुकलेले कोठे, हे ओळखावयास वाचता आले पाहिजे. आणि हजारो कारागिरांनी लिहिलेले सारे उघड्यावर वाचावयास मिळते ते मुक्तस्रोतातच. माझे खरे शिक्षण तेथेच झाले.

आणखी एक गोष्ट, जी मराठी घरांनी ध्यानात घ्यावी. भाड्याच्या दुकानात पावती मराठीत हवी असेल तर कंपनीस ते लाभाचे वाटेपर्यंत थांबावे लागते. मुक्त दुकानात शब्दांची यादी समोर असते. बसावे आणि भाषांतर करावे. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे ते अशाच लोकांच्या श्रमाने. 'चेकआउट'ला काय म्हणावे यावर आम्ही तिघे मित्र एकदा तासभर भांडलो. 'हिशेब चुकता करा' हे मला अजूनही उत्तम वाटते. बाकीचे दोघे हसले. बडोद्याच्या पावतीवर गुजराती आणि मराठी दोन्ही असाव्यात, अशी माझी हौस आहे, आणि ती पुरी करावयास मला कोणाची परवानगी लागत नाही.

भारतात आणखी एक प्रयोग चालू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेली ओएनडीसी ही संस्था खरेदी-विक्रीचे नियमच खुले ठेवते, ज्यायोगे एका दुकानातील माल निराळ्या अॅपवरून मागविता यावा. पैसे देण्याच्या बाबतीत यूपीआयने २०१६ पासून जे केले, तसे व्यापारात करावे हा हेतू. ते कितपत साधेल याविषयी मी आज छातीवर हात ठेवून काही सांगत नाही. पण साधले तर स्वतःचे मुक्त दुकान असलेल्या लहान व्यापाऱ्यास मोठ्या बाजारपेठेच्या दारात उभे राहावे लागणार नाही, एवढे खरे.

काकूंना मी अखेर वूकॉमर्सचे साधे दुकान बांधून दिले. जिनसा सत्तावीस. डोमेन त्यांच्या नावावर, गिऱ्हाइकांची यादी दर शनिवारी त्यांच्या घरच्या संगणकावर उतरते, पैसे यूपीआयने येतात. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारास कार्डाचा क्रमांक साठविण्यास मनाई केल्यामुळे ती एक चिंताही नाही. वर्षाचा खर्च पूर्वीच्या भाड्याहून कमी येतो, पण माझे श्रम त्यात धरलेले नाहीत, आणि हेच त्या हिशेबातील गौडबंगाल आहे. मी नसलो तर दुरुस्ती कोण बसविणार, असे मी त्यांना विचारले. त्यांनी आतल्या खोलीतून नातवाला हाक मारली. तो आपल्याच शाळेत नववीत आहे. आता रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतो. गेल्या आठवड्यात त्याने पहिली दुरुस्ती स्वतः बसविली, आणि बसविण्यापूर्वी दुकानाची प्रत काढून ठेवावयास विसरला, म्हणून मी त्याला रागावलो.